लोकलमध्ये तगते, टेबलावर दगावते

डोंबिवलीहून जलद लोकल पकडली की तासाभराच्या आत दादर येतं. त्या प्रवासात बॅगेत एक टेराबाइटची भरलेली पोर्टेबल हार्ड डिस्क असेल, तर सेकंदाला दोन गिगाबिटपेक्षा जास्त वेगाने माहिती वाहून नेली, असा हिशेब निघतो. बहुतेक घरांतलं वायफाय या वेगाच्या आसपासही फिरकत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत लग्नांचं शूटिंग करणाऱ्यांना हा हिशेब न मांडताही कळतो. फोर-के व्हिडिओ सेकंदाला शंभर मेगाबिट या दर्जाने घेतला, तर तासाभराचे ४५ गिगाबाइट होतात. दोन कॅमेरे पाच तास चालले की साडेचारशे, आणि वर फोटो धरले की अर्धा टेराबाइट सहज भरतो. ५० एमबीपीएसच्या जोडणीवरून एवढा ऐवज एडिटरला पाठवायचा तर सलग बावीस तास लागतील, तेही मध्ये नेट गेलं नाही तर. एडिटर परळला बसत असेल, तर डिस्क घेऊन गाडीत चढणंच परवडतं.

एके काळी हे काम फक्त व्यावसायिकांचं नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. त्याआधी सिनेमे, जुनी नाटकं, गाण्यांचे संग्रह, परदेशी मालिकांचे सगळे सीझन ऑफिसात हातोहात फिरत ते पोर्टेबल डिस्कवरूनच. आता सिनेमे मोबाइलवर आले आणि डिस्कवर राहिले ते घरचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, सोसायटीची कागदपत्रं, प्रबंध, हिशेबाच्या फाइली. सिनेमा गेला तर पुन्हा मिळत होता. आजोबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ पुन्हा मिळत नाही. डिस्कचा वापर कमी झाला, पण तिच्यावर जे आहे त्याचं मोल वाढलं.

म्हणूनच "हार्ड डिस्क उडाली" हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. ती कशी उडाली याच्या कहाण्या गोळा केल्या, तर एक उलटी गोष्ट लक्षात येते. लोक डिस्कला सर्वांत जास्त जपतात ते गाडीच्या गर्दीत. खास पाउच, त्याला गुंडाळलेला रुमाल, बॅग पोटाशी. घरी आल्यावर तीच डिस्क टेबलाच्या काठावर, अर्ध्या हाताच्या वायरला लटकलेली, चालू अवस्थेत पडून असते. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर धोका बरोबर उलट्या जागी आहे. बंद डिस्क बॅगेत असताना दणकट असते आणि फिरत असताना कमालीची नाजूक.

आत काय फिरतं

पोर्टेबल डिस्कच्या डबीत अडीच इंची म्हटली जाणारी हार्ड डिस्क असते. तिच्यात सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाच्या, काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात आणि त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. चकतीचा काठ त्या वेळी ताशी सुमारे ६६ किलोमीटर वेगाने धावत असतो.

या चकतीवरचं लिखाण वाचणारं 'हेड' तिला टेकत नाही. चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ गादीवर ते तरंगतं, आणि ही फट अवघ्या काही नॅनोमीटरची असते. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. बोटाच्या ठशातलं तेल, धुळीचा कण, सिगरेटच्या धुराचा कण या फटीपुढे डोंगराएवढा ठरतो. म्हणून डिस्क उघडून "आत काय झालंय ते बघू" असं घरी कधीच करू नये. झाकण उघडलं की आतल्या माहितीची आशा बरीचशी संपते.

इतक्या लहान जागेत इतकं मावतं याला बरीच वर्षं लागली. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली तेव्हा ५० चकत्या, प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या, मिळून फक्त ५० लाख अक्षरं साठवत, आणि यंत्राचं वजन टनाच्या पुढे होतं. १९८८ मध्ये फ्रान्सचे अल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक परिणाम शोधला. धातूंच्या अतिपातळ थरांचा विद्युतरोध क्षीण चुंबकीय बदलानेही मोठ्या प्रमाणात बदलतो, असा तो परिणाम. त्यामुळे खूप बारीक चुंबकीय खुणा वाचता येऊ लागल्या आणि डिस्कची क्षमता झपाट्याने वाढली. दोघांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

डिस्क बंद होताना हेड चकतीवरून उचललं जातं आणि बाजूच्या प्लास्टिकच्या उतरणीवर जाऊन बसतं. याला पार्किंग म्हणतात. पार्क झालेलं हेड चकतीपासून दूर असतं. धक्का बसला तरी घासायला समोर काही नसतं.

पंचाहत्तर सेंटिमीटरचं गणित

बनवणाऱ्या कंपन्या धक्का सोसण्याची मर्यादा 'जी'मध्ये देतात. १ जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीइतकं त्वरण. अडीच इंची डिस्क चालू असताना साधारण ४०० जीपर्यंतचा, मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांचा धक्का सोसते. बंद असताना हाच आकडा हजारच्या आसपास जातो.

आता ही डिस्क टेबलावरून पडली असं समजू. पडणाऱ्या वस्तूला बसणारा सरासरी धक्का काढणं सोपं आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. टेबल ७५ सेंटिमीटर उंच आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, म्हणजे डिस्क जेमतेम एक मिलिमीटरमध्ये थांबते. ७५० मिलिमीटर भागिले १, उत्तर ७५० जी. बंद डिस्कच्या मर्यादेच्या आत, आणि चालू डिस्कच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. पडणं एकच. फिरत नसलेली डिस्क बहुधा वाचेल आणि फिरत असलेल्या डिस्कचं हेड चकतीवर आपटून ओरखडा काढेल. त्या ओरखड्याची भुकटी आतच उडत राहते आणि पुढचे ओरखडे काढते.

हेच गणित लोकलला लावू. बॅग वरच्या रॅकवरून, दोन मीटरवरून पडली, पण डिस्कभोवती कपडे, डबा, पाउच मिळून दोन सेंटिमीटरचा मऊपणा आहे. २०० भागिले २, शंभर जी. बंद डिस्कला हे काहीच नाही. सकाळी डोंबिवलीला चढताना बसणारे धक्के, कल्याणला सांधे बदलताना गाडीचा हिसका, हे तर त्याहूनही कितीतरी कमी. गर्दीत बॅग चेपली जाते तो दाब असतो, धक्का नव्हे. डिस्क लॅपटॉपच्या कडेखाली किंवा स्टीलच्या डब्याखाली दाबली जाणार नाही एवढं पाहिलं की तोही प्रश्न मिटतो.

गाडीत एकच सवय खरोखर घातक आहे. स्टेशन आलं म्हणून लॅपटॉप नुसता झाकायचा आणि डिस्क जोडलेलीच ठेवून दोन्ही बॅगेत कोंबायचं. कित्येक लॅपटॉप झाकल्यावरही यूएसबीला वीज देत राहतात. मग बॅगेच्या अंधारात चकती फिरतच राहते आणि ठाण्याच्या पुलावर धावताना बसणारे गचके ती चालू अवस्थेत खाते.

अर्ध्या हाताची वायर

टेबलावरून डिस्क आपणहून पडत नाही. कुणाचा तरी पाय किंवा हात वायरमध्ये अडकतो. पोर्टेबल डिस्कबरोबर येणारी वायर मुद्दाम आखूड असते, कारण वायर लांब झाली की विजेचा दाब घटतो. आखूड वायरमुळे डिस्क काठाशी येते, आणि मग घरातलं मूल किंवा मांजर पुरेसं होतं. यावर उपाय फुकट आहे. चालू डिस्क टेबलाच्या मध्यावर, लॅपटॉपच्या मागे, आडवी ठेवायची. उभी केलेली पातळ डबी तर नुसत्या टपलीने आडवी होते, आणि कडक टेबलावर तेवढं पडणंही शेकडो जीचं असतं.

"डिटेक्ट होत नाही" या तक्रारीचा बराच भाग या वायरशी आणि विजेशी असतो. अनेक डिस्कांना रुंद, चपटी, दोन भागांची मायक्रो-बी पिन असते. ती सैल होते, मग डिस्क दिसते आणि नाहीशी होते. चकतीला थांबलेल्या स्थितीतून वेग घेताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास वीज लागते. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टात किंवा चार गोष्टी लटकवलेल्या हबमध्ये डिस्क जोडली की ती सुरू होण्याचा प्रयत्न करते, टिक-टिक किंवा बारीक बीप देते आणि गप्प बसते. डिस्क मेली असं ठरवण्याआधी दुसरी वायर, मागचं पोर्ट, दुसरा लॅपटॉप एवढं एकदा करून पाहावं. पण एकदाच. का, ते पुढे येईलच.

वीज गेल्यावर काय होतं हेही समजून घेण्यासारखं आहे. महावितरणचा फीडर ट्रिप झाला आणि यूपीएस नसलेला डेस्कटॉप बंद पडला, तरी हेड चकतीवर कोसळत नाही. फिरणाऱ्या चकतीच्या उरलेल्या गतीतून मोटर जनित्रासारखी वीज देते आणि त्या विजेवर हेड घाईघाईने पार्क होतं. नेहमीचं पार्किंग सुमारे सहा लाख वेळा सोसावं अशी रचना असते, पण हे आणीबाणीचं पार्किंग यंत्राला जास्त झिजवतं.

त्याहून मोठं नुकसान फाइलींचं होतं. अर्धवट लिहिलेली फाइल आणि फाइलींची अर्धवट बदललेली यादी तशीच राहते. फाइली मांडण्याच्या एनटीएफएस पद्धतीत आधी काय लिहायचं होतं याची नोंदवही असते, त्यामुळे ती बऱ्याचदा सावरते. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते म्हणून आपण जी एक्सफॅट निवडतो, तिच्यात ही नोंदवही नाही. विंडोजने २०१८ च्या अखेरीस पोर्टेबल साधनं लगेच काढता यावीत अशी व्यवस्था मूळ सेटिंगमध्येच केली हे खरं. तरी फिरणाऱ्या डिस्कसाठी 'इजेक्ट' करणं, मग चकतीची घरघर थांबेपर्यंत चार-पाच सेकंद थांबणं आणि नंतर उचलणं हा क्रम मोडू नये.

खाडीची हवा

ठाणे, डोंबिवली, कल्याण ही तिन्ही शहरं खाडीला लागून आहेत. पावसाळ्यात इथली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर असते. डिस्कला नुसत्या दमट हवेचा त्रास फारसा नाही, तिला त्रास होतो तो दव धरण्याचा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर सुमारे २७ अंशांपेक्षा थंड कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. चोवीस अंशांच्या एसी ऑफिसातून, मग एसी लोकलमधून आलेली डिस्क घरी बाहेर काढली की चष्म्याच्या काचेवर येते तशी वाफ तिच्या आतही धरू शकते. बंद बॅगेतच तासभर राहू दिली की ती खोलीच्या तापमानाला येते, मग जोडावी.

डिस्कच्या खाली हिरवी सर्किटपट्टी असते आणि तिचे स्पर्शबिंदू आतल्या हेडकडे जाणाऱ्या जोडणीवर दाबून बसवलेले असतात. दमट, खारट हवेत हे बिंदू हळूहळू काळे पडतात आणि डिस्क अडखळू लागते. गंधकयुक्त वायू असतील तर तांबं आणि चांदी आणखी लवकर काळवंडतात. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवली एमआयडीसी परिसरात हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा इथल्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. कपाटातल्या डिस्कसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी पुरते. पुडी वर्षातून एकदा बदलायची.

पोर्टेबल डिस्कवर टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं आणि त्यामागे गाळणी असते. हवा तिच्यातून जाते, तसं पुराचं पाणीही जातं. भिजलेली डिस्क उन्हात किंवा तांदळात ठेवून वाळवली की पाणी उडतं आणि गाळ-क्षार चकतीवर चिकटतात. ती जोडायची नाही, वाळवायची नाही. ओली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची.

हवेवर तरंगण्याची आणखी एक अट उंचीवर कळते. बहुतेक डिस्क समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरपर्यंतच चालवाव्यात असं कंपन्याच सांगतात, कारण त्याच्या वर हवा विरळ होते आणि हेडखालची गादी पातळ पडते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. ठाण्याहून बुलेटवर लडाखला जाणाऱ्यांनी रोज रात्री व्हिडिओ फिरत्या डिस्कवर उतरवू नयेत, चकती नसलेली एसएसडी न्यावी.

आवाज आला, आता काय

डिस्क आजारी पडल्याच्या खुणा बहुतेकांनी कधी ना कधी अनुभवलेल्या असतात. एखादा फोटो उघडायला मिनिट घेतो, फोल्डर उघडताना लॅपटॉप गोठतो, डिस्क आपोआप दिसेनाशी होते, 'फॉरमॅट करायचं का' अशी चौकट येते, किंवा ठरावीक लयीत टक-टक आवाज येतो. फॉरमॅटच्या चौकटीला नेहमी 'नाही' म्हणायचं. डिस्कची यादी बिघडलेली असते, फाइली बहुधा जागेवर असतात. टक-टक म्हणजे हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशी डिस्क पुन्हा पुन्हा जोडून पाहण्यात प्रत्येक वेळी थोडी चकती खरवडली जाते. म्हणूनच वरची चाचणी एकदाच.

आवाज नसेल आणि डिस्क सावकाश का होईना वाचत असेल, तर आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मग सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. डीडीरेस्क्यू हे मोफत साधन नेमकं हेच करतं. बिघडलेले भाग मागे ठेवून चांगले भाग आधी उचलतं. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही क्रिस्तोफ ग्रेनिए यांची मोफत साधनं हरवलेली यादी किंवा पुसलेले फोटो शोधून देतात. आवाज येत असेल तर मात्र साधनं घरी वापरायचीच नाहीत. डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना इलाज आपल्या हवेत तर सरळ घात आहे. बाहेर काढल्या क्षणी तिच्या आत दव धरतं.

लॅमिंग्टन रोडपासून ठाण्या-कल्याणपर्यंत रिकव्हरीची दुकानं आहेत. त्यांना तीन प्रश्न विचारावेत. डिस्क इथेच उघडणार की बाहेर पाठवणार, धूळमुक्त खोली कुठे आहे, आणि डेटा मिळाला नाही तर पैसे किती. खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो, कारण कधी कधी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिचं हेड बसवावं लागतं. काही पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचं पोर्ट थेट सर्किटपट्टीवरच जोडलेलं असतं आणि माहिती आपोआप सांकेतिक स्वरूपात लिहिली जाते. अशी पट्टी बिघडली तर आतली डिस्क काढून डेस्कटॉपला जोडूनही उपयोग होत नाही. आणि वॉरंटी दोन-तीन वर्षांची असली तरी ती डिस्कची असते. कंपनी दुसरी कोरी डिस्क देते आणि जुनी, फोटोंसकट, ठेवून घेते.

मरण्याआधी डिस्क सूचना देतेच असं नाही. तिच्या आत स्मार्ट नावाची स्वतःची तब्येत नोंदवण्याची सोय असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत साधन ती वही उघडून दाखवतं. बदललेल्या आणि बदलायच्या बाकी असलेल्या सेक्टरांचा, म्हणजे चकतीवरच्या लहान कप्प्यांचा, आकडा शून्यावरून हलला की त्या दिवशीच प्रत काढायची. मात्र गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी अशा महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. वही स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

दुकानात उभं राहून

नवी डिस्क जोडल्यावर पहिली तक्रार ठरलेली. एक टेराबाइटची म्हणून घेतली, लॅपटॉप ९३१ जीबीच दाखवतो. यात फसवणूक नाही. कंपनी टेराबाइट म्हणजे एक हजार अब्ज बाइट, म्हणजे एकावर बारा शून्यं, असं मोजते, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. दोन टेराबाइटची डिस्क त्याच हिशेबाने १.८१ दिसते.

दुसरी तक्रार अशी की कॉपी सुरुवातीला धडाक्यात चालते आणि अर्ध्या तासाने रांगायला लागते. आजच्या बहुतेक पोर्टेबल डिस्कांत चुंबकीय मार्ग कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे जागा वाढते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची ओळही पुन्हा रचावी लागते. डिस्क आधी एका वेगळ्या भागात पटापट लिहून घेते आणि तो भाग भरला की हे रचकाम सुरू होतं. वेग पडला म्हणून घाबरून वायर उपटू नये. काम चालू असतं.

फसवणूक होते ती वेगळीकडे. ऑनलाइन किंवा रस्त्यावरच्या ठेल्यावर १६ टीबीची खिशात मावणारी डिस्क दोन-तीन हजारांत मिळते. अडीच इंची पोर्टेबल डिस्कची कमाल क्षमता बरीच वर्षं ५ टीबी होती आणि २०२४ मध्ये ती ६ टीबी झाली. फिरत्या डिस्कमध्ये त्याच्या वरचं सगळं खोटं. अशा डबीत मेमरी कार्ड आणि वजनासाठी लोखंडाचा तुकडा असतो. आतली चिप खोटा आकडा सांगते, कॉपी झाल्याचं दाखवते आणि जुन्या फाइलींवरच नव्या लिहीत राहते. फाइलींची नावं दिसतात, आत काही नसतं. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन डिस्क पूर्ण भरून परत वाचून पाहतं आणि खरं माप सांगतं.

कुठली कंपनी घ्यावी हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. आता फिरत्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या साठवण केंद्रातल्या डिस्कांचे आकडे वर्षानुवर्षं जाहीर करते, त्यात वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन डिस्क बिघडतात. त्या डिस्क तर एसी खोलीत, स्क्रूने घट्ट बसवलेल्या असतात. कंपनी बदलून हा आकडा थोडा वर-खाली होईल, शून्य कधीच होणार नाही.

मग निवड वापरावरून करावी. जे रोज फिरतं ते एसएसडीवर ठेवावं. तिच्यात फिरणारं काही नाही, टेबलावरून पडली तरी बहुधा काही होत नाही. ती महाग पडते, पण रोजच्या कामाला अर्धा किंवा एक टीबी पुरतो. बॅग गाडीत राहिली तर काय, याचा विचार करून तिला पासवर्ड लावावा. वर्षानुवर्षं कपाटात राहायचं ते फिरत्या डिस्कवर ठेवावं. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरते आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तो भार ओसरू लागतो. चकतीवरचं चुंबकत्व त्या मानाने चिवट असतं.

दुसरी प्रत

इथे पोर्टेबल डिस्कविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज येतो. फोन भरला म्हणून फोटो डिस्कवर हलवले आणि फोनमधून पुसले, याला घरोघरी बॅकअप म्हणतात. प्रत तर एकच राहिली. पूर्वी ती फोनमध्ये होती, आता डिस्कवर आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी छायाचित्रकारांसाठी मांडलेला ३-२-१ चा नियम आता सगळीकडे वापरला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

त्या 'दुसऱ्या ठिकाणा'चा अर्थ आपल्याकडे जरा ताणून घ्यावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच पावसात उल्हास नदीने कल्याण-बदलापूर पट्टाही बुडवला होता. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ हजाराहून जास्त प्रवाशांसह पाण्यात अडकली, तेही याच नदीच्या पुरात. कल्याणच्या घराची दुसरी प्रत बदलापूरला मावशीकडे ठेवली तर एकच पूर दोन्ही नेऊ शकतो. नाशिकला, पुण्याला, साताऱ्याला कुणी ना कुणी असतंच. गणपतीला किंवा दिवाळीला जाताना एक डिस्क न्यायची आणि तिथली जुनी परत आणायची. निवडक फोटो क्लाउडवर असतील तर तीही एक वेगळ्या जातीची प्रत धरता येते.

प्रती काढून थांबताही येत नाही, कारण साधनंच जुनी होतात. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागत यात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली. तेव्हाचे फोटो रोलवर निघाले, पुढे कुणीतरी ते सीडीवर उतरवले असतील, मग डीव्हीडीवर. आजच्या लॅपटॉपला सीडीचा खण नाही. मायक्रो-बीची वायरही उद्या शोधावी लागेल. पाच वर्षं झाली की चालत असलेल्या डिस्कवरूनही सगळं नव्या डिस्कवर उतरवावं आणि जुनीला तिसरी प्रत म्हणून ठेवावं.

३१ मार्च हा २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. पाडवा त्याच्या आगेमागेच येतो, तोच दिवस ठरवून टाकावा. घरातल्या सगळ्या डिस्क टेबलाच्या मध्यावर एकेक जोडायच्या, तब्येतीची वही पाहायची, खरेदीचं वर्ष स्टिकरवर लिहायचं, सिलिका जेल बदलायचं. कॉपी पूर्ण झाल्याची चौकट पाहून समाधान मानायचं नाही. दुसऱ्या डिस्कवरची सर्वांत जुनी फाइल दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडून बघायची, आणि ती उघडली तरच ती प्रत मोजायची.